शामलाचं कार्ड कुठं अडलं

महालातल्या त्या अरुंद गल्लीत वामनराव पौनीकरांचा आवाज आधी येतो आणि माणूस मागून येतो. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, तीही नागपूर-उमरेड मार्गावर. पन्नास माणसं बसलेली, वीस उभी, पायाशी दोन बोकडं, अशा गाडीत 'पुढं सरका' हे शेवटल्या माणसाच्या कानात घालायचं तर आवाज लागणारच. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. ते दुधवाल्याशी हवापाण्याचं बोलतात आणि समोरच्या वच्छलाबाई भांडण पाहायला खिडकीत येतात.

पण माणूस भल्ला इमानदार. त्या काळी उमरेडकडच्या खेड्यांत नागपूरहून काही धाडायचं म्हणजे वामनराव कंडक्टर. कोणाचं औषध, कोणाच्या लेकीच्या बाळंतपणाचा निरोप, कोणा विणकराला हवं असलेलं जरीचं रीळ, सगळं त्यांच्या सीटखाली. फाट्यावर घ्यायला कोणी आलं नाही तर गाडी थांबवून टपरीवाल्याच्या हाती वस्तू द्यायचे आणि त्याच्याकडून घेणाऱ्याचं नाव तीनदा वदवून घ्यायचे. "माझ्या हातात आलेली चीज पोचली नाही असं एकदा दाखवून दे," हे त्यांचं लाडकं वाक्य. आणि खोटं नव्हतं ते. म्हणून तर यंदा जे झालं ते इतकं त्यांच्या जिव्हारी लागलं.

शामला त्यांची धाकटी बहीण. तीन वर्षांनी लहान, म्हणजे आता शहात्तरची. अठ्ठ्याहत्तर साली तिचं लग्न झालं. नवरा शरच्चंद्र उमरेडचा, शिकून इंजिनिअर झालेला, अमेरिकेत नोकरी लागलेली. "दोन वर्षांत येतो परत," असं म्हणून गेले. अशी दोन वर्षं किती लांबतात हे ज्याच्या घरचं कोणी गेलं त्यालाच ठाऊक. तिकडं मुलगा झाला, ऋषी. घर झालं, तिकडचं नागरिकत्व झालं, इकडचा पासपोर्ट रद्द झाला. महिन्या-दोन महिन्यांनी निळं हवाई पत्र यायचं, 'सर्व कुशल'. इकडूनही वामनराव निळंच पत्र टाकायचे, 'सर्व कुशल'. सत्तेचाळीस वर्षांत ती चारदा आली. दर वेळी तीन आठवडे, त्यातला एक जेवणावळीत आणि एक पोट बिघडून घेण्यात जायचा.

शरच्चंद्र दोन वर्षांमागं वारले. इकडं वामनरावांच्या बायकोला, रुखमाबाईला, जाऊन सहा वर्षं झाली होती. मागच्या एप्रिलमध्ये शामला एक वर्षाचा व्हिसा घेऊन आली, दारात दोन बॅगा ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊ, आता राहते थोडे दिवस."

"राहा ना, कोण नाही म्हणते," असं वामनराव ओरडले, आणि तिच्या बॅगा उचलायला वाकले तर कंबर धरली. तीन दिवस दोघं भाऊ-बहीण, त्यांची कंबर अन् तिचे गुडघे, एकाच शेकाच्या पिशवीवर होती.

त्या वर्षात घराचा रंग पालटला बुवा. शामलाची नागपुरी अठ्ठ्याहत्तर सालातच थांबलेली. ती सून उत्तराला विचारायची, "बंबात पाणी तापलं का वं?" आणि उत्तरा, जी शाळेत क्लार्क आहे आणि जिनं जन्मात बंब पाहिला नाही, गीझरचं बटण दाबून "हो आत्याबाई, तापलं" म्हणायची. वामनरावांचा मुलगा जितेंद्र सावनेरकडच्या कोळसा खाणीत. तो रविवारी घरी आला की आत्याच्या हातची कोथिंबीर भरलेली सांबारवडी खायला चार मित्र घेऊन यायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली तेव्हा या बाई शहात्तराव्या वर्षी गर्दीत उभ्या राहून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडल्या आणि डोळे पुसत घरी आल्या. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायची. ती एकेक नाव काढायची आणि वामनराव सांगायचे, हा गेला, ती गेली, तो पुण्याला मुलाकडे आहे, म्हणजे गेल्यासारखाच.

दिवाळीत उत्तरानं विषय काढला. "आत्याबाई, तुमचं ओसीआय कार्ड काढून घेऊ. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांसाठी असते ते. एकदा मिळालं की व्हिसाची कटकट नाही, हवं तितके दिवस राहा इथं."

शामलाचा चेहरा उजळला ते सगळ्यांनी पाहिलं. मग काय विचारता! जुना पासपोर्ट शोधला, वामनराव स्वतः जाऊन तिच्या प्राथमिक शाळेतून दाखला घेऊन आले. मास्तरीण म्हणाली, एवढं जुनं रजिस्टर सापडणार नाही. वामनरावांनी आवाज लावला आणि रजिस्टर सापडलं. उत्तरानं रात्रीचा स्वयंपाक आटोपून एकेक कागद कॉम्प्युटरवर चढवला. फोटो तीनदा परत आला, एकदा म्हणे मागची भिंत पांढरी नव्हती, एकदा कान दिसत नव्हते. जानेवारीत अर्ज मंजूर झाला. मार्चच्या सुरुवातीला निरोप आला की कार्ड मुंबईहून रजिस्टर टपालानं निघालं.

निघालं ते निघालंच. होळी झाली, कूलर लागले, गल्लीत आंब्याच्या गाड्या फिरायला लागल्या, कार्डाचा पत्ता नाही. व्हिसा वीस एप्रिलला संपणार. तो वाढवून मागता येतो म्हणे, पण त्याचेही कागद, त्याचीही वाट पाहणं. तिकडून ऋषीनं निक्षून सांगितलं, "आई, मुदत संपायच्या आत निघ, उगाच भानगड नको." आणि शामलाचे गुडघे असे की एकदा ती त्या विमानात बसली तर पुन्हा इकडं यायची नाही. हे ती जाणत होती, वामनराव जाणत होते, बोलत कोणीच नव्हतं.

बोलत नव्हतं म्हणजे त्या विषयावर. एरवी वामनराव अख्ख्या देशाच्या टपालाला धारेवर धरत होते. "मी जरीचं रीळ पोचवलं पाचगावच्या फाट्यावर, भर पुरात! अन् यायले एक लखोटा पोचवता येत नाही? झोपा काढून राहिले का?"

शामला मात्र गप्प गप्प. होळीनंतर ती जरा मिटल्यासारखीच झाली होती. ओट्यावर यायची, पण नावं काढायची नाही. "गुडघे दुखून राहिले," म्हणायची आणि आत जायची. वामनरावांना वाटलं, कार्डाची चिंता.

मार्चअखेरची शाळेची धांदल संपली तेव्हा उत्तरानं एक दिवस तो टपालाचा नंबर मोबाइलवर टाकून पाहिला आणि किंचाळलीच. "बाबा! कार्ड आलं होतं! होळीनंतरच्या मंगळवारी. अन् परत गेलं. इथं लिहिलं आहे, 'या पत्त्यावर राहत नाही, असे सांगण्यात आले.'"

"कोणं सांगितलं?" वामनरावांचा आवाज चौकापर्यंत गेला असेल. "कोणत्या गाढवानं सांगितलं? पायतो आता एकेकाले!"

चप्पल उलटसुलट घालून ते पोस्टात पोचले. काउंटरवरच्या माणसाला ते काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यानं आतून त्या भागाच्या टपालवालीला बोलावलं. हर्षा तिचं नाव, पंचविशीची असेल, जानेवारीतच या बीटवर आलेली. ती बाहेर आली, वामनरावांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी पाडून म्हणाली, "आजोबा, काहून ओरडून राहिले? तुम्हीच तर सांगितलं होतं मले."

"मी?"

"तुम्हीच. ओट्यावर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलवून राहिले होते तुम्ही, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, रजिस्टर आहे, शामलाबाई इथंच राहतात का? तुम्ही मान वर न करता म्हटलं, 'ती अमेरिकेची आहे, इथं नाही राहत.' मी दोनदा विचारलं हो. दुसऱ्यांदा तुम्ही ओरडले माझ्यावर."

वामनराव तिच्याकडे पाहत राहिले. आठवलं त्यांना. ताट्यांचा तो ओला वास आठवला, हातातली सुतळी आठवली, आणि पाठीमागून आलेला 'रजिस्टर' हा एक शब्द आठवला. पुढचं जिभेनं परस्पर उरकलं होतं. डोक्यापर्यंत ती गोष्ट पोचलीच नव्हती.

आता हे समजायचं तर एक्याऐंशी साल समजायला पाहिजे. वामनराव आज राहतात ते घर तेव्हा त्यांचं नव्हतं. एका मालकाच्या आठ खोल्या, आठ भाडेकरू. म्हातारा मालक गेला आणि त्याच्या पुतण्यानं सगळ्यांना बाहेर काढायचं मनावर घेतलं. वकिलाच्या नोटिसा सुरू झाल्या, रजिस्टर टपालानं. गल्लीत भैयाजी नावाचे गृहस्थ होते, वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले, त्यामुळे गल्लीचे कायदेपंडित. त्यांनी तोड काढली. "नोटीस हातात घेतलीच नाही तर मिळाली कशी? मिळालीच नाही तर केस चालन कशी?" कायद्यात हे कितपत बसत होतं देव जाणे. पण आठही घरांनी मारुतीपुढं नारळ फोडून शपथ घेतली की रजिस्टर कोणी घ्यायचं नाही. पोस्टमन दारात आला की एकच उत्तर, 'ते इथं नाही राहत.'

आणि काय दिवस होते ते, बाप्पा! रुखमाबाई दारात उभी राहून थंडपणे सांगायची, "ते गडचिरोलीले बदलून गेले," आणि वामनराव कंडक्टरच्या खाकी कपड्यांत मोरीत बसलेले. वच्छलाबाईनं तर कमाल केली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून पोस्टमनला सांगितलं की नवरा मेला, आणि नेमका आतून नवरा शिंकला. पोस्टमन बिचारा गल्लीतच चहा प्यायचा, त्याला सगळं ठाऊक. तोही शेरा मारून निघून जायचा. लहान पोरं पहिली काय शिकली तर 'आई', 'बाबा' आणि 'इथं नाही राहत'. पण हसण्यावारी न्यायचं नव्हतं ते. केस चाललीच. सव्वीस वर्षं चालली. रात्रीची ड्यूटी संपवून वामनराव सकाळी कोर्टात तारखेला उभे राहायचे, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा कुलूप बदललेलं नाही ना ते पाहायचे. पुढं तडजोड झाली, खोल्या भाडेकरूंच्याच नावावर झाल्या. भय संपलं, जीभ मात्र शिकली ते शिकली. रजिस्टर म्हटलं की घर जाणार, आणि घर वाचवायचं तर माणूस इथं राहत नाही.

हे सगळं शामला गेल्यानंतरचं. तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

पोस्टातून वामनराव पायी घरी आले. रिक्षावाल्यानं विचारलं तर ऐकूच गेलं नाही. माझ्या हातात आलेली चीज पोचली नाही असं दाखवून दे, म्हणायचे ना? दाखवलं त्या पोरीनं. आणि चीज तरी कोणाची, तर शामीची!

घरी येऊन त्यांनी काय करावं? सांगून टाकावं की नाही? पण नाही. उत्तराला म्हणाले, "त्यायचीच काहीतरी गडबड झाली असन." आयुष्यात पहिल्यांदा वामनरावांनी आपली चूक दुसऱ्याच्या सीटखाली ढकलली, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. उत्तरानं मुंबईला मेल केले, फोन केले, ओळखीचे कागद पुन्हा पाठवले. तिकडून उत्तर आलं, कार्ड पुन्हा पाठवतो. केव्हा, ते काही सांगितलं नाही. इकडं ऋषीनं अठरा एप्रिलचं तिकीट काढून टाकलं.

त्या दिवसापासून वामनराव सकाळी दहा ते दुपारी दोन ओट्यावर. भर उन्हात, डोक्याला दुपट्टा. उत्तरा म्हणायची, "बाबा, उन्ह लागन," तर म्हणायचे, "लागू दे." आत शामला एकेक साडी घडी करून बॅगेत ठेवत होती. तो आवाज नव्हता काही, पण वामनरावांना ऐकू यायचा.

पंधरा तारखेला साडेअकराला हर्षाची गाडी गल्लीत वळली. वामनराव ओट्यावरून उतरून चौकापर्यंत धावले. एकोणऐंशीव्या वर्षी! हर्षानं लखोटा पुढं केला, आधारकार्ड मागितलं, सही घेतली आणि हसून म्हणाली, "आज राहतात वाटते इथं." वामनरावांनी तिला हात जोडले. वच्छलाबाईनं खिडकीतून विचारलं, "काय आलं हो?" आणि मग सगळ्या गल्लीला कळलं. उत्तरा शाळेतून फोनवर ओरडली. इतकं छान निळं कार्ड, त्यावर शामलाचा कान दिसणारा फोटो.

शामलानं ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, पदरानं पुसलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मग आत जाऊन पुन्हा साडी घडी करायला लागली.

वामनराव दारात. "आता काहून भरतं वं बॅग? आलं ना कार्ड."

"आलं, चांगलं झालं. अठराचं तिकीट आहे ना भाऊ."

"रद्द करन ऋषी!"

"कशाले? एक वर्ष राहिली. खूप झालं." ती वर पाहतच नव्हती. "भाऊ, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होती. कणकीत हात होते माझे. ती पोरगी आली, तू काय बोलला ते सगळं ऐकलं मी."

वामनराव चौकट ओलांडून आत आले.

"खोटं काय बोलला तू? अमेरिकेचीच आहे मी. इथं थोडीच राहते. माहेरपण चार दिवसांचं, अन् भावजय गेल्यावर तेही नाही. वहिनी असती तर तिनं गोड बोलून सांगितलं असतं. तुझ्यानं तोंडावर म्हणवलं नाही, म्हणून तू कार्डच दारातून वाटेला लावलं. मले राग नाही रे. हात धुऊन बाहेर आली तर तू शीळ घालत ताट्या बांधून राहिला होता. मग म्हटलं, जाऊ दे."

अठ्ठावीस दिवस ही बाई हे पोटात घेऊन त्याच घरात जेवली, त्याच ओट्यावर बसली. वामनराव खाटेवर तिच्यासमोर बसले.

"शामे," एवढंच आलं. मग पुन्हा, "शामे, मले सवय होती वं ती." आणि ते सांगायला लागले. क्रम नाही, धड नाही. पुतण्या, नोटीस, भैयाजी, नारळ, मोरी, खाकी कपडे, रात्रीची ड्यूटी, कुलूप. मध्येच रडायला लागले, नाक पुसलं, पुन्हा सुरू. शामलाच्या हातातली साडी हातातच राहिली.

"आपलं घर जाणार होतं?" तिनं विचारलं. "सव्वीस वर्षं? अन् तू मले एका पत्रात लिहिलं नाही? दर पत्रात 'सर्व कुशल'?"

"काय लिहू? तू तिकडं रडत बसली असती."

"मी तशीही रडतच होती," शामला म्हणाली. "पहिली दहा वर्षं तर रोज. मी लिहिलं का तुले?"

बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली. मग वामनराव बोलले, आणि त्यांना ओळखणाऱ्या कोणी ऐकलं असतं तर विश्वास बसला नसता, इतक्या हळू बोलले. "नको जाऊ वं. रुखमा गेल्यावर मी या घरात नुसता ओरडत होतो, कोणी ओ द्यावी म्हणून. तू आली अन् मले बोलावंसं वाटलं. तू इथं पाहिजे मले. कार्ड गेलं चुलीत, तू राह."

शामलानं साडी खाटेवर टाकली आणि एवढ्या मोठ्या भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "हे एक वर्षाआधी म्हणायले काय झालं होतं तुले?"

संध्याकाळी सातला, तिकडं सकाळ झाली तेव्हा, तिनं ऋषीला फोन लावला. वामनराव बाजूलाच, कान देऊन.

"तिकीट रद्द कर बेटा," ती म्हणाली. "हो, कार्ड आलं. नाही, तब्येत ठीक आहे. अरे, मामाची सव्वीस वर्षांची केस आहे, अन् आज दुपारपासून बसलो तर आत्ता कुठं पहिल्या तारखेपर्यंत आलो आम्ही."